गोलच्या मागे बसलेली बाई

चंद्रावती म्हात्रेला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, असं धाटावच्या त्या कंपनीतले काही लोक अजूनही सांगतात. सांगू देत. पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय, शिट्टी मध्येच का वाजते, अंपायर हात कशासाठी वर करतो, हे तिला खरंच माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची हौसही नव्हती. तिला मोजता येत होतं. हॉकीतलं सगळं कळणाऱ्या लोकांपैकी एकानंही मोजायचे कष्ट घेतले नव्हते, एवढंच मला सुरुवातीला सांगून ठेवायचंय.

मोजणी तिला मिठागरानं शिकवली. जिते स्टेशनात उतरून खाडीच्या अंगाला चालत गेलं की तिचं गाव लागायचं. तिथं मिठाच्या दिवसांत बायका डोक्यावर भरल्या पाट्या घेऊन बांधावरून ओळीनं येत आणि राशीवर ओतत. राशीच्या पायथ्याशी एक बाई बसायची आणि दर पाटीला एक शिंपला समोर टाकायची. हे काम आधी तिची सासू गोदूबाई करायची. सासूची नजर गेली तेव्हा तिनं सुनेला राशीपाशी बसवलं आणि सांगितलं, “पाटी बघायची गो, तोंड नाय बघायचा.” कारण उघड होतं. पाटी आणणारी कधी बहीण असते, कधी भावकीतली वैरीण असते. तोंडाकडे बघितलं की हात चुकतो.

आणखी एक रिवाज होता. बांधावर पाय घसरून एखादीची पाटी वाटेतच सांडली, तर त्या पाटीला फुटका शिंपला टाकायचा. मीठ राशीत पडलं नाही तरी बाईनं ओझं वाहिलेलं असतं, म्हणून तीही पाटी मोजणीत धरायची. ह्यावर त्या मिठागरात कधी वाद झाला नाही. संध्याकाळी चंद्रावतीनं आकडा सांगितला की मुकादमही मान डोलवायचा आणि घरी जायचा.

आता हॉकीकडे येऊ. पेण आणि रोह्याच्या मुलखात पोरगं चालायला लागलं की कबड्डी खेळतं, जरा मोठं झालं की क्रिकेट. हॉकीची स्टिक आमच्याकडे कुणी पाहिलीही नव्हती. पण धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्र्याण्णव साली भल्ला नावाचे नवे वर्क्स मॅनेजर आले. जालंधरचे. त्यांना हॉकीचं वेड. प्लँटच्या मागे मुरमाची मोकळी जागा होती, ती त्यांनी रोलर फिरवून सपाट करून घेतली. गोलला जाळी नव्हती, तर खाडीवरच्या एका माणसाकडून मासेमारीचं जुनं जाळं आणून बांधलं. वर्षभरात आसपासच्या कंपन्यांनीही टीम काढल्या, कारण मॅनेजर लोकांची आपसात चढाओढ असते आणि तिच्यात कामगार पळतात.

चंद्रावतीचा नवरा पुंडलिक त्या कंपनीत टेंपररी होता. टँकर रिकामे करायचं काम. सकाळच्या पॅसेंजरनं रोह्याला उतरायचा आणि तिथून कंपनीच्या बसनं धाटावला. अंगानं आडवा, बोलायला कमी. टीम तयार करताना गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार होईना, कारण तो दगडासारखा बॉल अंगावर घ्यायचा कुणी. सुपरवायझरनं पुंडलिककडे बोट दाखवलं आणि पुंडलिक पॅड बांधून उभा राहिला. नाही म्हणायची सवयच नव्हती त्याला. हा त्याचा एकच दोष, आणि तो दोष चंद्रावतीनं लग्नाच्या आठवड्यातच ओळखला होता.

पुढच्या वर्षी रोह्याचा हैबतराव मोरे आला. तोही टेंपररीच, पण त्याच्या येण्याचा थाट निराळा. मुंबईच्या कुठल्याशा क्लबकडून तो आधी खेळला होता, त्याच्याकडे स्वतःचे ग्लोव्हज होते, आणि तो उडायचा. बॉल उजवीकडे आला की हैबतराव उजवीकडे आडवा हवेत. डावीकडे आला की डावीकडे. मुरमावर पडायचा, कोपर सोलून घ्यायचा, उठून धूळ झटकायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. दोन महिन्यांत त्याला ‘रोह्याची भिंत’ असं नाव पडलं. पुंडलिकलाही नाव पडलं. त्याला ‘खांब’ म्हणायचे. “म्हात्रे काय करतो? उभा असतो. बॉलच येऊन त्याच्यावर आपटतो,” असं कँटीनमध्ये म्हणत आणि हसत.

भल्लासाहेबांनी दोघांनाही खेळवायचं ठरवलं होतं. पहिला हाफ हैबतरावचा, दुसरा पुंडलिकचा. प्रत्येक मॅचला तेच. त्यामागे एक कारण होतं. कंपनी खेळाडू म्हणून काही माणसं कायम करणार होती आणि गोलकीपरची जागा एकच होती. पंच्याण्णवच्या दसऱ्यापासून शहाण्णवच्या होळीपर्यंतच्या मॅचेस झाल्या की कमिटी बसणार आणि दोघांतल्या एकाचं नाव लिहिणार, असं नोटीस बोर्डावर लागलं. ज्याचं नाव लिहिलं जाईल तो कायम. दुसरा टेंपररी, म्हणजे गेटवरच्या माणसाच्या मर्जीवर. पुंडलिकची टेंपररीची सहा वर्षं झाली होती.

चंद्रावती पहिल्यांदा मॅच बघायला गेली ती दसऱ्यानंतरच्या रविवारी. ऑफिसर लोकांच्या बायका कापडी मांडवाखाली खुर्च्यांवर बसल्या होत्या. कामगार कडेला उभे. चंद्रावतीला कुठं बसावं कळेना, म्हणून ती गोलच्या मागे मुरमाच्या ढिगावर जाऊन बसली. तिथं कुणीच बसत नव्हतं, बॉल लागायची भीती. पण तिथून बॉल सरळ अंगावर येताना दिसतो, जशी बांधावरून पाटी येताना दिसते.

त्या दिवशी पहिल्या हाफमध्ये हैबतरावनं अशी काही झेप घेतली की मांडवातल्या बायकाही उभ्या राहिल्या. रोह्याच्या एका साप्ताहिकाचा फोटोग्राफर आला होता, त्यानं तेवढ्यात बटण दाबलं. पुढच्या आठवड्यात फोटो छापून आला. हैबतराव जमिनीपासून हातभर वर, हात लांबवलेला, खाली ओळ होती: ‘रोह्याची भिंत अभेद्य.’ कंपनीनं तो फोटो फ्रेम करून कँटीनमध्ये लावला. पुंडलिकनं घरी येऊन कौतुकानं सांगितलं. चंद्रावती चुलीपुढे बसली होती, ती वळली.

“त्या फोटोत बॉल दिसतो?” तिनं विचारलं.

“बॉल नाय दिसत.”

“कसा दिसंल? तो जाल्यात होता. माझ्या पायाशी येऊन थांबला. हैबत उडाला तवा बॉल आत जाऊन बसला होता.”

पुंडलिक म्हणाला, “असंल. पन उडाला तर खरा.”

ह्या उत्तरानं चंद्रावतीचं टाळकं सटकलं. मीठ बांधावर सांडलं आणि बाईचं कौतुक काय, तर पडली छान. तिनं त्याच दिवशी दोन चंच्या शिवल्या. लाल चंची हैबतरावची, निळी पुंडलिकची. शिंपल्यांना काही कमी नव्हतं. पहिल्या मॅचचे बॉल तिला पाठ होते, तेवढे शिंपले आधी टाकले.

तेव्हापासून ती दर मॅचला गोलच्या मागे. मिठाचे दिवस सुरू झाल्यावर पहाटेच मिठागरात जाऊन आपली जागा दुसरीला सोपवायची आणि गाडी पकडायची. बॉल गोलवर आला आणि अडवला गेला की अख्खा शिंपला चंचीत. आत गेला की खुबा, खाडीतला तो फुगीर शिंपला. बाजूनं बाहेर गेला की फुटका शिंपला. हाफ संपला, टीमनं बाजू बदलल्या की ही उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालत जायची आणि आपल्या गोलच्या मागे बसायची. लोक तिला बघून हसायचे. हैबतराव एकदा पाणी पिताना म्हणाला, “वहिनी, तुमी काय आमच्या गोलची राखण करता काय?” ती म्हणाली, “व्हय.”

मोजता मोजता तिला एक दिसायला लागलं. हैबतराव उडायचा, कारण तो उशिरा निघायचा. पुंडलिकला उडावं लागतच नव्हतं. समोरच्यानं स्टिक मागे नेली की पुंडलिक दोन पावलं सरकायचा, बॉल जिथं येणार तिथं आधीच उभा असायचा, आणि मग बॉल येऊन त्याच्या पॅडवर आपटायचा. लोकांना आपटणं दिसायचं. दोन पावलं कुणालाच दिसायची नाहीत. पुंडलिकचा बाप खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारलँडच्या बांधावर राखणदार होता. उधाणाच्या आधी बांधावरून फिरून, जिथं माती भुसभुशीत झालीय तिथं चिखल थापत जायचा. त्याच्या हयातीत त्या बांधाला खांड पडली नाही, आणि म्हणूनच त्याचं नाव गावात कुणाला आठवत नाही.  नवऱ्याचंही तसंच व्हायला नको होतं चंद्रावतीला.

होळी झाली. अकरा मॅचेस झाल्या. शनिवारी कमिटी बसणार होती आणि दोन्ही गोलकीपरना बोलावलं होतं. पण निकाल आधीच फुटला होता. ऑफिसातल्या टायपिस्टनं कँटीनमध्ये सांगितलं की यादीत हैबतरावचं नाव टाईप होऊन तयार आहे, शनिवारी फक्त सह्या.

पुंडलिकनं घरी येऊन हे सांगितलं आणि हात धुवायला गेला. आवाज चढलेला नाही, काही नाही. चंद्रावतीनं विचारलं, “आनी तुमी काय बोललाव?”

“मी काय बोलनार? तो चांगला हाय माझ्यापेक्षा. सगलं बोलतात.”

“सगलं बोलतात. मोजला कुनी?”

“चंद्रा, तू तिथं येऊ नको हां. हसतील लोका.”

ती गेली. ती जाणार हे त्यालाही कळलं असावं, कारण शनिवारी जित्याच्या फलाटावर ती दोन चंच्या कमरेला खोचून उभी दिसली तेव्हा त्यानं तिला परत पाठवलं नाही. फक्त डब्यात तिच्यापासून दोन बाकं सोडून बसला.

कमिटी भल्लासाहेबांच्या केबिनमध्ये बसली होती. भल्लासाहेब, पर्सोनेल ऑफिसर वैद्य, आणि दोन इंजिनिअर. हैबतराव आणि पुंडलिक भिंतीला लागून स्टुलांवर. वॉचमन चंद्रावतीला अडवत होता, पण मिठाची ओझी वाहिलेल्या बाईला हातानं अडवणं सोपं नसतं. ती दार ढकलून आत आली. वैद्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“बाई, ही मीटिंग आहे.”

“म्हायत हाय. म्हनूनच आले. मी पुंडलिक म्हात्र्याची बायको. दर मॅचला गोलच्या मागे बसते.”

भल्लासाहेबांनी तिला ओळखलं. “अरे, वो पीछे बैठनेवाली. बोलो, बोलो.” त्यांना गंमत वाटली असणार. मोठ्या माणसांना कधी कधी अशी गंमत हवी असते.

चंद्रावतीनं दोन्ही चंच्या सोडल्या आणि टेबलाच्या काचेवर ओतल्या. लाल चंचीचा ढीग एकीकडे, निळीचा दुसरीकडे. खडखड आवाज झाला आणि एक खुबा घरंगळत वैद्यांच्या टाईप केलेल्या यादीवर जाऊन थांबला. पुंडलिकनं डोळे मिटून घेतले.

“ही हैबतभाऊंची मोजनी,” ती म्हणाली. “अकरा मॅचमदी बहात्तर बॉल आले, सतरा आत गेले. ही ह्यांची. त्र्याऐंशी आले, नऊ गेले. खुबा म्हंजे गोल. तुमी मोजून घ्या.”

एक इंजिनिअर खरंच पुढे वाकला. त्यानं एक फुटका शिंपला उचलला. “हा काय प्रकार आहे?”

“बाजूनं बाहेर गेलेला बॉल.”

खोलीत हशा पिकला. वैद्य तर खुर्चीत मागे रेलून हसले. “बाहेर गेलेले बॉल गोलकीपरच्या खात्यात? मग प्रेक्षकांच्या अंगावर गेलेलेही धरा. साहेब, मी म्हणत नव्हतो का, ह्या लोकांना खेळातलं काही कळत नाही.”

चंद्रावतीचे कान तापले. मिठागरात सांडलेली पाटी मोजतात, म्हणून तिनं बाहेर गेलेला बॉल मोजला होता. गोलकीपर तिथं उभा राहून राबलाच की, असा तिचा हिशेब. इथं तो रिवाज नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. चूक झाली होती. पण चूक झाली म्हणून पळून जाणारी बाई ती नव्हे.

“आमच्याकडे सांडलेली पाटी धरतात,” ती म्हणाली. “तुमच्याकडे धरत नसतील तर काढून टाका. म्हनूनच त्यांना फुटका शिंपला वापरलाय. मिसळला असता तर वेगला कसा केला असता?”

आणि तिनं सगळ्यांसमोर दोन्ही ढिगांतले फुटके शिंपले वेचून ओच्यात टाकले. हसणं हळूहळू थांबलं. इंजिनिअरनं उरलेले मोजले, पुन्हा मोजले आणि भल्लासाहेबांना सांगितलं. हैबतरावकडे अठ्ठावन्न बॉल, सतरा गोल. पुंडलिककडे एकसष्ट बॉल, नऊ गोल. भल्लासाहेबांनी कागदावर भागाकार केला. दहातले सात अडवणारा एक, दहातले साडेआठ अडवणारा दुसरा. साहेब कागदाकडे बघत राहिले.

“पण साहेब,” वैद्य म्हणाले, “हैबतरावकडे कठीण बॉल येतात. आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हात्रेकडे येणारे सोपे असतात, त्याला जागचं हलावंही लागत नाही.”

“उशिरा निघालं की कुठलापन बॉल कठीन व्हतो,” चंद्रावती म्हणाली.

 वैद्यांनी उठून कपाटातून फाईल काढली. अकरा मॅचेसच्या स्कोअरशीट. कुठल्या हाफमध्ये किती गोल खाल्ले हे त्यांत नव्हतं, पण एकूण आकडा होता. वैद्यांनी पेन्सिलनं बेरीज केली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“आपण सत्तावीस गोल खाल्ले. बाई, तुमचे सतरा आणि नऊ किती झाले?”

“सव्वीस.”

“मग एक गोल कुठं गेला? नवऱ्याचा एक खुबा वाटेत पडला वाटतं खाडीत.”

चंद्रावतीनं बोटानं खुबे पुन्हा मोजले. इतक्या वर्षांत तिची मोजणी चुकली नव्हती. ती एकेक मॅच मनात आठवू लागली, पण समोर ती माणसं बसलेली, घड्याळ टिकटिकतंय, पुंडलिक खाली बघतोय, तिला काही आठवेना.  एका खुब्यासाठी सगळी मोजणी खोटी ठरणार होती. आणि वैद्यांनी तेच म्हटलं, “एक चुकलं म्हणजे सगळंच संशयास्पद. साहेब, यादीवर सही करून टाकू.”

“तो गोल माझा,” हैबतराव म्हणाला.

सगळे वळले. हैबतराव स्टुलावरच बसला होता, हात मांड्यांवर. “ह्या अकरांतली सातवी मॅच. पहिल्याच मिनिटाला गेला. ह्या वहिनी तवा आल्याच नव्हत्या. नागोठण्याला पॅसेंजर क्रॉसिंगसाठी थांबली होती, म्हात्रे आणि त्या गाडीनं येणारी आपली दोन पोरंपन त्या दिवशी उशिरा आली. सतरा नाय माझे. अठरा.”

“हैबतराव, विचार करून बोला,” वैद्य म्हणाले.

“इचार करूनच बोलतोय. माझा गुडघा दोन वर्षं साथ देत नाय, साहेब. पाय वेळेवर निघत नाय, म्हणून उडतो. गोलकीपरला आपले गोल पाठ असतात. आतापरयंत कुणी इचारलेच नाय.”

 चंद्रावतीनं हैबतरावकडे बघितलं. ह्या माणसाला पाच महिने तिनं लाल चंचीत भरलं होतं, त्याचं तोंड मात्र तिनं आज पहिल्यांदा नीट पाहिलं. दाढी वाढलेली, थकलेला. त्यालाही कायम होण्याची गरज होती. त्याच्याही घरी माणसं होती. त्याला एक शब्द न बोलता ती नोकरी मिळाली असती. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून ती मागे मात्र हटली नाही.

तिनं वैद्यांच्या यादीवरचा तो खुबा उचलला. तो ढिगात परत ठेवला आणि कनवटीचा एक जादा खुबा अठरावा म्हणून हैबतरावच्या ढिगाला लावला. मग भल्लासाहेबांना म्हणाली, “मोजायचा काम माझा होता, तो झाला. नाव लिवायचा काम तुमचा. खोटा लिवायचा असंल तर लिवा, मी काय हात धरू शकत नाय. पन आता म्हायत असून लिवा. कलला नाय असा बोलू नका.”

आणि ती बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली. शिंपले तिनं टेबलावरच ठेवले.

आत बराच वेळ बोलणं चाललं. वैद्यांचा आवाज चढलेला ऐकू येत होता. हेड ऑफिसला नाव कळवलंय, पेपरात फोटो आलाय, लोक काय म्हणतील, असं काहीबाही. मग भल्लासाहेबांचा आवाज आला आणि वैद्यांचा थांबला. यादी पुन्हा टाईप झाली. नाव पुंडलिकचं लागलं. हैबतराव टेंपररीच राहिला, पण वर्षभरात दुसऱ्या एका कंपनीनं त्याला बोलावून घेतलं आणि कायम केलं. तिथं कुणी त्याचे गोल मोजले नव्हते. नाव मोठं होतं, तेवढ्यावर भागलं. चंद्रावतीला हे कळलं तेव्हा ती मनापासून हसली आणि म्हणाली की बरं झालं, त्या माणसाचं कुठंतरी भलं व्हायलाच पाहिजे होतं.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचंच.

दुपारी दोघं रोहा स्टेशनात बाकावर बसली होती. गाडीला वेळ होता. ह्या खेपेस पुंडलिक तिच्या शेजारीच बसला होता, पण बोलत नव्हता. चंद्रावतीला वाटलं, तो रागावला असेल. रागावू दे, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. मग पुंडलिकनं विचारलं, “काय गो, खरंच नऊच गेलं?”

“नऊच.”

“मना वाटायचा ईस-पंचवीस तरी गेलं असतील.”

चंद्रावतीनं त्याच्याकडे वळून बघितलं. तो थट्टा करत नव्हता. प्रत्येक मॅचनंतर कँटीनमधलं हसू ऐकून हा माणूस घरी आला होता, जेवला होता, झोपला होता, आणि त्याला खरंच वाटत होतं की आपण टाकाऊ गोलकीपर आहोत.

“हैबतला आपलं अठरा ठावूक होतं,” पुंडलिक म्हणाला. “आनी मना माझं नऊ ठावूक नवतं.”

वैद्यांवर आला नव्हता एवढा राग आता चंद्रावतीला आला. तिनं तो गिळला नाही. “त्या लोकांनी तुमाला खांब बोलला, त्याचा मना काय वाटला नाय,” ती म्हणाली. “त्यांची जीभ, ते काय पन बोलतील. तुमी तो खरा कशाला धरलाव? गोलमदी तुमी उभं होतात. बॉल तुमच्या अंगावर येत होता. आनी किती अडवलं ता तुमी कँटीनवाल्यांना इचारत होतात?”

 गाडी आली. दोघं चढली. नागोठणं गेलं, कासू गेलं. पेणला गर्दी उतरली तेव्हा चंद्रावती म्हणाली, “उद्या मॅच हाय ना? पुरा खेल तुमचा. मी येनार नाय.”

“का?” पुंडलिक दचकला. “तू नाय आलीस तर मोजनार कोन?”

“माझी मोजनी झाली. आता तुमचा तुमी मोजा.”

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली नाही. दिवसभर मिठागरात राशीपाशी बसली आणि पाट्या मोजल्या. मन दोनदा धाटावला जाऊन आलं, पण हात चुकला नाही. संध्याकाळी पुंडलिक घरी आला. त्यानं बॅग खुंटीला लावली, पाय धुतले, आणि सासू-सून दोघींपैकी कुणी विचारायच्या आत उंबऱ्यातूनच म्हणाला, “तेरा आले. दोन गेले. दुसरा माझ्या चुकीनं गेला, पहिला कुनालापन अडला नसता.” आणि पाटावर जेवायला बसला.